मुलांच्या पुस्तकांत कोण कोण भेटतं? कपाट तपासायची सोपी रीत

एक मोकळी दुपार, कागद-पेन आणि घरातली किंवा वर्गातली गोष्टींची पुस्तकं, एवढ्यावर हे काम होतं. वीस-पंचवीस पुस्तकं पुरेत. हाताला लागतील तशी उचला. आवडती तेवढी निवडून काढलीत, तर निकाल आधीच ठरलेला असतो.

१. आधी नुसती चित्रं बघा

मजकूर वाचायचा नाही. लहान मूलही आधी चित्रंच वाचतं. दर पुस्तकाला कागदावर एक ओळ लिहा: गोष्ट कोणाची आहे, घर कसलं आहे, स्वयंपाकघरात कोण आहे, माणसांचे रंग कोणते. घरात ओटा आणि गॅस आहे की चूल? चाळ, वस्ती, पाडा कुठे दिसतो का, की थेट बंगला नाहीतर कौलारू घर आणि मागे दोन डोंगर? डॉक्टर, ड्रायव्हर, पोलीस कोण आहे? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तर त्याची बातमी झाली. एवढं साधं चित्र बातमीचा विषय होतं, यावरूनच बाकीच्या पुस्तकांची कल्पना येते.

२. मग मजकूर, आणि त्यातही बोलणं

कोणाच्या तोंडी कोणती मराठी आहे ते बघा. नायक प्रमाण भाषेत बोलतो आणि भाजीवाली, चोर किंवा गडी तेवढा ‘गावाकडचं’ बोलतो, असं किती पुस्तकांत आहे? अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी घरात बोलणाऱ्या मुलाला यातून आपली बोली हसण्यासाठी असते एवढंच कळतं. नावं, आडनावं आणि डब्यातले पदार्थही टिपून ठेवा. सगळ्यांच्या डब्यात पोळी-भाजीच निघते का? सुकट, अंडं, भाकरी-ठेचा कधी दिसतो?

३. मोजून झालं की खरा प्रश्न विचारा

मोजायची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये, तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ मध्ये एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस दिसतं, हे दाखवून दिलं होतं. पण आकडा निम्मंच सांगतो. पुस्तकात आलेलं मूल तिथे करतं काय, हे जास्त महत्त्वाचं.

आदिवासी मुलगी आली की ती जंगल वाचवते नाहीतर तारप्यावर नाचते. शेजारचा सलीम शिरखुर्म्यापुरता येतो आणि ईद संपली की गायब होतो. व्हीलचेअरवरचा मुलगा शेवटी बक्षीस मिळवतोच. गरीब मुलाला कुणीतरी मदत करतं. ही मुलं कधी नुसती मस्ती करतात का? गृहपाठ चुकवतात, भावाशी भांडतात, पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवतात? हे करायची मुभा ज्या मुलांना आहे त्यांच्या नावापुढे खूण करा. माझ्या मते पूर्ण तपासणीत हाच रकाना सगळ्यांत बोलका असतो, आणि बहुतेक वेळा तोच रिकामा राहतो.

४. जुन्या गोष्टी फेकू नका

चिऊ-काऊची गोष्टच घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून जातं आणि चिऊ आत बाळाला आंघोळ घालत, तीट लावत काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवते. ही गोष्ट जरूर सांगा, पण मध्ये थांबून विचारा: काऊचं घर शेणाचं का होतं? तू आत असतास तर दार कधी उघडलं असतंस? घरची जमीन शेणाने सारवलेली असते अशी मुलं वर्गात असतील, तर त्यांना आधी बोलू द्या. उत्तर सुचवू नका.

५. रिकाम्या जागा भरा

‘खास विषयावरची’ सहा पुस्तकं एकदम आणू नका; मुलांना उपदेशाचा वास लगेच येतो. दोन-तीन आणा, पण दुकानात किंवा प्रदर्शनात उभ्याने पूर्ण वाचून. लेखक-चित्रकारांची माहितीही वाचा: ते जग त्यांनी आतून पाहिलंय का? पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन आणि चेन्नईचं तूलिका यांची मराठी चित्रपुस्तकं चाळून बघा. पैशांची अडचण असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर आहे. २०१५ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर मराठीबरोबर कोरकू, गोंडीतल्याही गोष्टी फुकट मिळतात आणि त्या छापून वाटायलाही परवानगी आहे.

६. नसेल ते तयार करा

चार ए-फोर कागद मधोमध दुमडून शिवले की सोळा पानांचं पुस्तक होतं. मुलांना घरी आजीला, आत्याला, शेजारच्या काकांना विचारून एक गोष्ट आणायला सांगा, त्यांच्याच बोलीत. पावरी असो की कातकरी, देवनागरीत जशी ऐकू येते तशी उतरवा. शुद्धलेखन सुधारायच्या फंदात पडू नका. चित्रं मुलांचीच. मुखपृष्ठावर सांगणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं, दोघांची नावं घाला. मग पुस्तकाला क्रमांक देऊन ते ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवा, म्हणजे बाकीच्या पुस्तकांसारखं तेही मुलांना घरी नेता येईल.