टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) जोडलाय पण आवाज नीट येत नाहीये? आधी हे बघा
टर्नटेबलची लाल-पांढरी वायर ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) ऑक्समध्ये, म्हणजे साध्या इनपुटमध्ये, खुपसली आणि आवाज आला अगदी बारीक, चिरका, बेस गायब, असं झालंय ना? बिघडलं काही नाहीये. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो, शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस कमी आणि ट्रेबल (बारीक, उंच सूर) जास्त ठेवलेला असतो, तो परत सरळ करायचं आणि सिग्नल वाढवायचं काम फोनो प्रीॲम्प करतो.

ॲम्पच्या मागे फोनो लिहिलेलं इनपुट असेल तर वायर तिथेच लावा, नसेल तर मधे वेगळा प्रीॲम्प घ्या. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, मागे फोनो/लाइन असं बारकं बटण दिसेल, ते लाइनवर करून मग ऑक्समध्ये लावलं तरी चालतं. दोन्हीकडचे प्रीॲम्प एकदम चालू ठेवू नका, आवाज पार फाटतो.

ती सुटी लोंबणारी बारीक वायर असते ना, ती ग्राउंडची, ॲम्पच्या किंवा प्रीॲम्पच्या ग्राउंड स्क्रूखाली आवळा. मी एकदा विसरलो आणि तासभर घुंऽऽ ऐकत केबल बदलत बसलो. हे सगळं ॲम्प बंद ठेवूनच करा हं, आणि स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर नको, सुईला हादरे बसतात.