मृत्यूनंतर मूल: संमतीच्या अर्जापासून सुरू होणाऱ्या चुका

केमोथेरपीआधी शुक्राणू किंवा बीजांडं गोठवायला गेलात की समोर संमतीचा अर्ज येतो. त्यात एक प्रश्न असतो: तुमचा मृत्यू झाला तर हा साठा नष्ट करायचा, की जोडीदाराला वापरू द्यायचा? डोक्यात आजार घोळत असतो, नर्स सहीची जागा दाखवत असते. अशा वेळी 'बघू नंतर' म्हणून ती चौकट रिकामी सोडणं, ही पहिली चूक. पुढचे तंटे बहुधा तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र नातेवाईक करतात. 'त्याने गोठवून ठेवलं होतं, म्हणजे त्याला मूल हवंच होतं.' हवं होतं, पण बरं होऊन, स्वतःच्या हाताने वाढवायला. आपण नसताना आपलं मूल जन्मावं, ही इच्छा निराळी आणि ती निराळीच विचारावी लागते. ब्रिटनमध्ये १९९५ साली स्टीफन ब्लड मेनिंजायटिसने कोमात गेले. पत्नी डायन यांच्या विनंतीवरून त्याच अवस्थेत त्यांचे शुक्राणू काढले गेले. दोघांचं मुलाबद्दल बोलणं झालं होतं, असं त्या सांगत होत्या. पण कायद्याला लेखी संमती हवी होती, आणि कागद नव्हता. १९९७ मध्ये न्यायालयाने शुक्राणू बेल्जियमला नेण्याची मुभा दिली. पुढे त्यांना दोन मुलगे झाले, पण जन्मनोंदीत वडिलांचं नाव लागायला २००३ चा कायदा यावा लागला. डायन यांच्याबद्दल मला सहानुभूतीच वाटते. तरी कोमातल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, हे उरतंच.

काहीच गोठवलेलं नसताना मृत्यू झाला, तर शुक्राणू साधारण २४ ते ३६ तासांत काढावे लागतात. या धावपळीत 'काढणं' आणि 'वापरणं' हे एकच समजू नका. काढलेला साठा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. घाई असते ती शोकाची. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने वापरापूर्वी किमान वर्षभर थांबायला सांगितलंय, ते उगाच नाही. आणि मृताने हयातीत नकार दिला असेल, तर काढण्याचाही प्रश्न येत नाही.

आजी-आजोबांचा हक्क जोडीदाराइतकाच धरणं, ही आणखी एक गफलत. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अविवाहित मृत तरुणाचं गोठवलेलं वीर्य त्याच्या आईवडिलांना द्यायला सांगितलं, हे खरं. चीनमध्ये अपघातात गेलेल्या दांपत्याचे गोठवलेले भ्रूण चारही आजी-आजोबांनी न्यायालयातून मिळवले आणि लाओसमधल्या सरोगेट मातेकरवी २०१७ मध्ये नातू जन्मला. पण पत्नीने पतीसोबत पालक व्हायचं ठरवलेलं असतं. आईवडिलांनी मुलासोबत तसं काही ठरवलेलं नसतं. गेलेल्याची जागा भरायला बाळ आणायचं, तर त्या बाळावर जन्माआधीच केवढं ओझं!

वारशाचंही गृहीत धरू नका. अमेरिकेत वडिलांच्या मृत्यूनंतर १८ महिन्यांनी जन्मलेल्या जुळ्यांना सामाजिक सुरक्षेचा लाभ नाकारला गेला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दावेदार आईच्या विरोधात निकाल दिला. हा लाभ वारसा हक्कावर ठरत होता, आणि फ्लोरिडाच्या वारसा कायद्यात ती मुलं बसत नव्हती.

अर्ज भरून झाला असेल तर लग्न, घटस्फोट, नवं नातं अशा वळणांवर तो पुन्हा काढून वाचा. आणि उत्तर 'नष्ट करा' असेल, तर जोडीदाराला ते आजच, समोर बसून सांगा. क्लिनिकच्या फोनवरून कळायला नको.