मराठी टायपिंग, इन्स्क्रिप्ट आणि उजव्या करंगळीचा हिशेब

एर्गोनॉमिक (हातांवर कमी ताण देणारा) कळफलक कोणता घ्यावा यावर मिळणारा बहुतेक सल्ला इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी असतो. इंग्रजीत उजव्या करंगळीच्या वाट्याला 'पी' हे एकच अक्षर येतं. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कळांच्या सरकारी मराठी मांडणीत (लेआउटमध्ये), त्याच करंगळीवर च, ज, ट, ड आणि य, शिवाय ॉ, ृ आणि विसर्ग. त्यात एंटर, बॅकस्पेस आणि उजवी शिफ्टही तिचीच. म्हणून आधी लेआउट समजून घ्या आणि पैसे नंतर खर्च करा.

विंडोजमध्ये सेटिंग्जच्या 'टाइम अँड लँग्वेज' विभागात मराठी भाषा जोडा आणि कीबोर्ड म्हणून नुसता 'मराठी' निवडा. 'मराठी फोनेटिक' हा इंग्रजी अक्षरांनी उच्चारानुसार टाइप करायचा वेगळा प्रकार आहे. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार. लिनक्सवर 'मराठी एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट' घ्या, 'कागपा' हा फोनेटिक प्रकार नको.

इन्स्क्रिप्ट 1986 मध्ये सरकारी पातळीवर ठरला आणि 1991 च्या आयएस 13194 या मानकात आला. पाठ करायला तो दिसतो तेवढा अवघड नाही, कारण त्याची मांडणी बाराखडी आणि वर्णमालेवरून केली आहे. डाव्या हाताला स्वर आहेत. मधल्या ओळीत 'ए' ते 'जी' या कळांवर ो े ् ि ु, आणि त्याच बोटांच्या वरच्या कळांवर ौ ै ा ी ू. म्हणजे ऱ्हस्व खाली, दीर्घ वर. शिफ्ट धरली की मात्रेऐवजी पूर्ण स्वर उमटतो. 'डी'वर साधा पाय मोडतो आणि शिफ्टने अ येतो. उजव्या हाताला मधल्या ओळीत प र क त च ट आणि त्यांच्या वर ब ह ग द ज ड. शिफ्टने ख, घ, थ, ध, फ, भ असे महाप्राण मिळतात. खालच्या ओळीत मात्र शिस्त थोडी सुटते: ं म न व ल स, मग स्वल्पविराम, पूर्णविराम आणि शेवटी स्लॅशच्या कळेवर य. शिफ्टने 'सी'वर ण, 'एन'वर ळ, 'एम'वर श, स्वल्पविरामावर ष. ही ओळ निव्वळ सवयीनेच बसते.

सराव मधल्या ओळीपासून करा. करतो, पोपट, चिकट, तुरट, टोक, पत्र, चित्र, चक्र हे सगळे शब्द बोटं मधल्या ओळीवरून न हलवता टाइप होतात. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पुरेत; एका बैठकीत दोन तास घातले तर दुसऱ्या दिवशी मनगट कुरकुरतं आणि चुकाच पक्क्या होतात. कळांवर स्टिकर लावू नका, नजर खालीच राहते. तक्ता छापून स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवा. वरची ओळ जमल्यावर खालची, शिफ्ट सगळ्यात शेवटी. वेगाचा विचार शंभर कळांत चार-पाचपेक्षा जास्त चुका होईनाशा झाल्यावर.

त्यानंतर सुट्या अक्षरांऐवजी प्रत्यय घोटा. मराठी वाक्यात खरी वारंवारता त्यांचीच: च्या, त्या, ल्या, ण्या, तील, साठी, मध्ये, पासून. 'च्या'साठी सेमीकोलन, डी, स्लॅश, ई अशा चार कळा लागतात आणि हात आलटून पालटून चालतात. हे एका झटक्यात येऊ लागलं की बाकीचा वेग आपोआप वाढतो.

जुन्या टाइपरायटरवरून येणाऱ्यांची गाडी ठरलेल्या दोन ठिकाणी अडते. पहिली वेलांटी: पडद्यावर ती अक्षराच्या आधी दिसली तरी टाइप करायची नंतर, क मग ि. उलट क्रम झाला तर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. दुसरा रफार: 'कर्म'मध्ये र आणि पाय मोडण्याची कळ म च्या आधी येतात, शेवटी नाही. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांत साधा र वापरला तर 'वार्यावर' होतं; तिथे शिफ्टसह 'जे' म्हणजे ऱ, मग पाय मोडा, मग य किंवा ह. आणि 'दुःख'मध्ये कोलन घालू नका. विसर्ग शिफ्ट आणि हायफनवर आहे.

आता करंगळी. शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताची धरायची. अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे स्वर आणि ण डाव्या हाताला, म्हणजे आणि, आहे, आपण, एक, असे यातल्या प्रत्येक शब्दाला उजवी शिफ्ट हवी. 'आणि' आणि 'आपण' यांत ती दोनदा लागते. यावर सगळ्यात मोठा उपाय म्हणजे शिफ्ट अंगठ्याखाली आणणं, तीही 'वन-शॉट' प्रकारची: एकदा दाबून सोडायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टमध्ये येतं. क्यूएमके फर्मवेअर (कळफलकाच्या आतलं, कळांची कामं बदलू देणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या कळफलकांवर ही सोय आहे. साध्या कळफलकावर विंडोजच्या 'स्टिकी कीज'ने हाच परिणाम फुकट मिळतो. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा आणि विचारलं की होकार द्या. काही विकत घेण्याआधी आठवडाभर हे वापरून बघाच.

कळफलक घेताना कळा मोजा. 42 कळांचा कॉर्न हा दोन भागांचा छोटा कळफलक इंग्रजीला छान आहे, पण त्यात चौकटी कंसाच्या कळांना स्वतःची जागा नसते. त्यातल्या पहिल्या कळेवर आपला ड आणि ढ आहे. 'घडलं', 'थोडं', 'पुढे' लिहिताना दर वेळी लेअर (त्याच कळांवरचा दुसरा संच) बदलावा लागला तर महिन्याभरात तो कळफलक कपाटात जातो. 58 कळांचे लिली58 किंवा सोफल बरे, तरी ट, ड, ञ, ॉ, ृ कुठे बसतात हे कागदावर मांडून पाहा. ट आणि ड सरळ हाताशी हवेतच. ञ, ॉ, ृ लेअरवर गेले तर चालतं. एर्गोडॉक्स किंवा मूनलँडरमध्ये कळा भरपूर असतात. जुळवाजुळव नकोच असेल तर लॉजिटेकचा के860 घ्या: एकसंध, वळणदार, सगळ्या कळा जागेवर, फक्त अंगठ्याला शिफ्ट मिळणार नाही.

कळफलकाचे दोन भाग असतील तर ते खांद्यांइतके लांब ठेवा, आतल्या कडा थोड्या उचला, मागचे पाय मात्र उघडू नका; त्यांनी मनगट वर वाकतं. बोटांना मुंग्या येत असतील तर कळफलक बदलण्याआधी डॉक्टर गाठा.

इंग्रजीसाठी ड्वोरॅक किंवा कोलमॅक हे वेगळे लेआउट शिकायचे असतील तर इन्स्क्रिप्ट हातात बसल्यावरच. एका वेळी एक. आणि तो इंग्रजी लेआउट कळफलकाच्या फर्मवेअरमध्ये घालू नका. संगणकाला अक्षर जात नाही, कळेचा क्रमांक जातो. इन्स्क्रिप्ट तो क्रमांक क्वर्टीच्या, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी लेआउटच्या, हिशेबाने वाचतो. फर्मवेअरमध्ये कोलमॅक असेल तर क च्या जागेवर बोट दाबल्यावर 'ई'चा क्रमांक जातो आणि काना उमटतो, र च्या जागी ल येतो. कळफलक क्वर्टीच ठेवून कोलमॅक संगणकाच्या भाषा-सेटिंगमधून निवडा. विंडोजमध्ये ड्वोरॅक आधीपासून असतो. मॅक आणि लिनक्सवर दोन्ही असतात. ऑफिसच्या संगणकावर सेटिंग बदलू देत नसतील तर फर्मवेअरमध्ये क्वर्टी आणि कोलमॅक असे दोन मूळ लेअर ठेवा आणि एका मॅक्रोवर (एका दाबण्यात अनेक कामं करणाऱ्या कळेवर) लेअर बदलणं आणि विंडोज-स्पेस दोन्ही बांधा. मात्र भाषा माउसने बदलली की दोघांचा मेळ सुटतो. कळफलकाला संगणकाची भाषा कळत नाही, त्यामुळे फक्त लेअर बदलणारी एक वेगळी कळही हाताशी असू द्या.