फोटो-पोस्ट शिकताना: आधी उजेड, मग अक्षर

घरगुती फराळ विकणाऱ्या काकूंपासून लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानापर्यंत पुण्यात आता प्रत्येकाला इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकायला पोस्ट लागते. कॉलेज सांभाळून हे काम धरणारी मुलंमुलीही पुष्कळ आहेत. बहुतेक जण सुरुवात तयार टेम्पलेटपासून करतात. आमचं सांगणं वेगळं आहे. पोस्ट बिघडते ती मुख्यतः दोन ठिकाणी: फोटो काढताना उजेड चुकतो तिथे, आणि मराठी मजकूर इंग्रजीच्या मापाने बसवला जातो तिथे. या दोन गोष्टी जमल्या की साध्या पांढऱ्या पट्टीची पोस्टसुद्धा उठून दिसते. त्या चुकल्या तर वर कितीही फुलं-तोरणं लावली तरी चूक झाकली जात नाही.

फोन कुठला, यावरून सुरुवातीला अडत नाही. लेन्सची काच मात्र पुसलेली हवी. स्वयंपाकघरात वावरताना तिला तेलकट बोट लागतंच, आणि मग उजळ जागेभोवती धुरकट वलय येतं. ते नंतर एडिटिंगमध्ये जात नाही.

उकडीच्या मोदकांचं उदाहरण घेऊ, कारण त्यात शिकण्यासारखं सगळं येतं. टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर लावा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीतला उजेड निळसर आणि साधा बल्ब पिवळा असतो. दोन्ही एकत्र आले की मोदकाची एक बाजू निळी आणि दुसरी हळदीची दिसते. फोनचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग सावरणारी सोय) त्यातली एकच बाजू सांभाळू शकतो. उजेड बाजूने किंवा किंचित मागून येऊ द्या. समोरून आला की पाकळ्यांच्या मधल्या सावल्या नाहीशा होतात आणि मोदक पिठाचा गोळा वाटतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी कार्डशीट दुमडून वीतभर अंतरावर उभी करा, म्हणजे काळी पडलेली बाजू उजळते. अशी कार्डशीट अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. एक पांढरी आणि एक काळी घेऊन ठेवा. काळी लावली तर सावली गडद होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ती शोभते.

पांढरा मोदक पांढऱ्या ताटलीत ठेवू नका. केळीचं पान घ्या, पुसून त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की फोन ते करडं करून टाकतो, कारण तो सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम उजळ धरतो. म्हणून मोदकावर बोट दाबून फोकस लॉक करायचा आणि उजेडाची खूण किंचित वर सरकवायची. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने बदलता येतात तो) हे माप +०.३ ते +०.७ च्या दरम्यान येतं. त्याहून वर गेलात तर पाकळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक होतात, आणि जळलेला पांढरा रंग परत आणता येत नाही.

मोदकांना वेळेचं बंधन आहे. मोदकपात्रातून काढल्या काढल्या वाफेने लेन्सवर धुकं बसतं, म्हणून मिनिट-दोन मिनिटं थांबा. फार थांबलात तर पारी सुकून तडकायला लागते. तेव्हा फ्रेम, उजेड आणि फोनची उंची हे सगळं आधीच्या घाण्यातला एखादा मोदक ठेवून ठरवून घ्या, आणि ताजे मोदक शेवटी मांडा. पाच मांडा, त्यातला एक फोडून सारण दिसू द्या, तूप अगदी शेवटच्या क्षणी सोडा. उंच पदार्थ ४५ अंशांतून किंवा त्याच्याच पातळीवरून टिपायचा. थेट वरून घेतला तर मोदकाची उंचीच जाते. चकली, अनारसे, भरलेलं ताट मात्र वरूनच छान दिसतं. अगदी जवळ फोन नेऊन १एक्स, म्हणजे नेहमीच्या, लेन्सने काढलात तर पुढचा मोदक फुगतो आणि मागचे आक्रसतात. फोनला खरी, म्हणजे वेगळी बसवलेली, २एक्स किंवा ३एक्स लेन्स असेल तर ती वापरा आणि हातभर मागे या. नसेल तर १एक्सवरच थोडं मागून काढून नंतर कापा. पोर्ट्रेट मोड खाण्याच्या फोटोंसाठी टाळलेला बरा. तो कडा अंदाजाने ओळखतो आणि चकलीचे काटे किंवा पदराचे गोंडे पुसून टाकतो.

साडीचं दुखणं वेगळं. पैठणीच्या जरीचे धागे उजेड परत फेकतात, त्यामुळे समोरून उजेड आला की काठ सरसकट पांढरा होतो. खिडकी बाजूला घ्या, साडीला दोन-तीन मोकळ्या घड्या द्या आणि उजेड कापडाला घासून जाईल असा कोन शोधा. मग जरीचे धागे उजळतात, रेशमाची वीणही दिसते. राणी आणि मोरपिशी रंग फोन हमखास जास्त भडक करतो. एडिटिंग करताना खरी साडी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, फोनचा पडदा पिवळसर करणारा नाइट मोड आणि रंग आपोआप बदलणारी सोय बंद करून ताडून बघा. फोटोत एक रंग आणि पार्सलमध्ये दुसरा निघाला तर साडी परत येते, आणि बोलणी दुकानदाराला खावी लागतात.

दुकानात रात्री काढायची वेळ आलीच तर एलईडी दिव्यांकडे लक्ष ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) वेगवान असलं की फोटोत काळे आडवे पट्टे उमटतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून नवे बल्ब घेणार असाल तर तिथेच लावून फोनच्या कॅमेऱ्यातून बघून घ्या, आणि सगळे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे घ्या.

बाहेर काढायचं तर दिवसाची वेळ सगळं ठरवते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी अनेकांची फसगत होते. दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे दरवाजा सावलीत आणि मागे लख्ख आभाळ. आभाळ सांभाळलं तर दरवाजा काळा, दरवाजा सांभाळला तर आभाळ पांढरं. तिथे सूर्य मावळल्यावरची पंधरा-वीस मिनिटं गाठा. आभाळ आणि भिंत तेव्हा जवळपास सारख्या उजेडात येतात. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळचं तिरपं ऊन दरवाज्यावर पडतं, तेव्हा लाकूड आणि खिळे उठावदार दिसतात. वास्तू संरक्षित आहे, त्यामुळे ट्रायपॉड घेऊन जाण्याआधी परवानगीची चौकशी करा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ माणसांच्या फोटोंना उत्तम, पण घरात उजेड कमी पडून हात हलल्याचं दिसतं. फोन डब्याला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

आता अक्षर. मराठी पोस्ट इथे सर्वांत जास्त मार खाते.

टेम्पलेट बहुधा इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी बनवलेले असतात. त्यात दोन अक्षरांमधली जागा वाढवून ठेवलेली असते. तिथे ‘दिवाळी फराळ’ टाइप केलं की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते, आणि शब्द एकसंध राहतच नाही. अक्षरांमधलं अंतर देवनागरीसाठी नेहमी शून्य. ओळींमधलं अंतर (अक्षराच्या मापाच्या पटीत) इंग्रजीत १.० किंवा १.१ चालतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. १.३ पासून सुरू करा. ‘पूर्तीसाठी’ खाली ‘कैऱ्यांचे’ येईल अशा जागी १.४ सुद्धा लागतं. तिरपं अक्षर वापरू नका, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टना खरी तिरपी आवृत्ती नसते आणि सॉफ्टवेअर नुसतं अक्षर ढकलून वाकडं करतं.

फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्याच जागी उडते आणि जोडाक्षरं फुटतात, ही तक्रार नेहमीची. दोष फॉन्टचा नसतो. जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी यंत्रणा) निवडावं लागतं. त्याला तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट म्हणतात, त्याहून जुन्यांत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन. ते निवडून नवी फाइल उघडा. दुसरी अडचण जुन्या मजकुराची. छापखान्यातून आलेला मजकूर पुष्कळदा पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीत किंवा तशाच एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये चिकटवला की चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, नाही. कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि मग एकेक शब्द वाचा. रफार आणि जोडाक्षरं तिथे हमखास बदलतात.

फॉन्ट निवडताना ‘पुऱ्या’, ‘ॲडव्हान्स’, ‘वैशिष्ट्य’, ‘दृष्टी’, ‘₹’ एवढं आधी टाइप करून बघा. ज्यात ॲ नाही तिथे मध्येच दुसऱ्याच फॉन्टचं अक्षर घुसतं. ‘पुऱ्या’ हा आमचा लाडका तपासशब्द आहे. साधा र, हलंत आणि य टाइप केला तर ‘पुर्या’ होतं. कीबोर्डवरचा नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ घ्यावा लागतो. मुक्ता आणि नोटो सान्स बारीक मजकुराला चांगले, बालू ठळक मथळ्याला, तिरो देवनागरी मराठी सणाच्या आणि पारंपरिक मजकुराला. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहेत. तिरोच्या या आवृत्तीत ल आणि श मराठी वळणाचे आहेत; हिंदी वळणाचे ल-श सवयीच्या डोळ्याला लगेच खुपतात. एका पोस्टमध्ये दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

माप: इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल, स्टोरी आणि स्टेटससाठी १०८० बाय १९२०. प्रोफाइलवरच्या चौकटी २०२५ च्या सुरुवातीपासून चौरस न राहता ३:४ झाल्या. त्यामुळे १३५० उंचीच्या पोस्टच्या दोन्ही कडा तिथे साधारण ३४ पिक्सेलनी कापल्या जातात. मजकूर कडेपासून ८० पिक्सेल आत ठेवा. स्टोरीत वर २५० आणि खाली ३४० पिक्सेल मोकळे सोडा; तिथे नाव आणि उत्तराची पट्टी येते. मथळा ९० ते ११० पिक्सेल, बारीक मजकूर ४० च्या खाली नको. फोनचा पडदा सुमारे सात सेंटिमीटर रुंद धरला तर ४० पिक्सेल म्हणजे अडीच मिलिमीटर. आजी-आजोबाही ऑर्डर देतात, त्यांना ते दिसलं पाहिजे.

फोटोवर मजकूर येणार असेल तर त्याची जागा फोटो काढतानाच सोडा. वरचा तिसरा हिस्सा रिकामी भिंत किंवा पाट असू दे. भरगच्च फोटोवर अक्षरं टाकून मग त्यांना जाड काळी किनार देणं हा उपाय नव्हे. त्याने फोटोही जातो आणि अक्षरही. रंगांचा फरक पुरेसा आहे का, हे कळायला पोस्ट कृष्णधवल करून बघा. लाल पार्श्वभूमीवरची हिरवी अक्षरं तिथे नाहीशी झालेली दिसतील.

कॅरोसेलमध्ये, म्हणजे सरकवून बघायच्या एकाच पोस्टमध्ये, २० पर्यंत फोटो घालता येतात, पण दुकानाच्या पोस्टला पाच-सहा पुरतात. पहिला फोटो कोणी न सरकवता पुढे गेलं तर इन्स्टाग्राम पुढच्या वेळी दुसरा दाखवतं. म्हणून दुसरा फोटोही एकटा उभा राहील असा हवा. कॅप्शनची साधारण पहिली १२५ अक्षरंच ‘आणखी’ न दाबता दिसतात. त्यात पदार्थ, भाग आणि शेवटची तारीख आली पाहिजे. ‘सर्वांना सप्रेम नमस्कार’ नंतर लिहा.

फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि अक्षरांच्या कडांना मुंग्या लागल्यासारखं दिसतं. मजकूर जास्त असेल तर पीएनजी, नुसता फोटो असेल तर जेपीजी, रंग एसआरजीबीत (बहुतेक पडद्यांना चालणारं रंगांचं माप). गूगलवर सापडलेला फोटो उचलू नका. भारतात फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि नोटीस आली तर ती तुमच्या ग्राहकाच्या नावावर येते. ग्राहकांची मुलं फोटोत असतील तर पालकांची परवानगी लेखी मेसेजमध्ये घ्या. पैशांचं बोलताना फोटो, डिझाइन आणि फेरबदल वेगवेगळे सांगा. दोन फेरबदल दरात, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे काम सुरू होण्याआधी ठरलं की नंतर तोंड कडू होत नाही.

पाठवण्याआधी मजकूर मोठ्याने वाचा. ‘शुभेच्छा’, ‘पारंपरिक’, ‘उत्कृष्ट’, ‘दीपावली’ हे शब्द जास्त चुकतात, आणि पुण्यात चूक पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी कळवतोच. तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा. शेवटी पोस्टवरचा फोन नंबर बघून, आकडा आकडा दाबून, फोन लावा आणि पलीकडे कोण उचलतं ते ऐका.