बायोसमध्ये बदल केला आणि कंप्युटर सुरू होईना? या चुका टाळा

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम. त्यातलं एखादं सेटिंग बदलून सेव्ह केलं आणि मशीन पुढे जाईना, की आजूबाजूचा पहिला सल्ला ठरलेला: विंडोज नव्याने टाका. कृपा करून तो ऐकू नका. ही सेटिंग्ज मदरबोर्डवर साठतात, डिस्कवर नाही. तुमचे फोटो, हिशेब, प्रबंध जिथल्या तिथे आहेत. फॉरमॅट मारलात तर ते जातील आणि मूळ दुखणं बहुधा तसंच राहील.

आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, ही एक तक्रार. लोगो दिसतो आणि विंडोज चालू होताना अडतं, ही अगदी वेगळी.

काळ्या स्क्रीनमागे अनेकदा रॅम जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल असतं. इथे सगळ्यात महाग पडते ती घाई. डीडीआर ५ रॅमचं सेटिंग बदललं की बोर्ड तिची नव्याने जुळणी करतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. लोक तेवढ्यात पॉवर बंद करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं थांबा. तरीही काही नाही, तर सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग्ज साठवणारी मेमरी, क्लिअर करा. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि मगच बोर्डवरच्या सीएलआरटीसी किंवा जेबॅट १ अशा नावाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरने दहाएक सेकंद जोडा. पिना मॅन्युअलमध्ये बघूनच ओळखा, अंदाजाने नको. वीज चालू असताना तर मुळीच नको.

पण सीमॉस क्लिअर केलं की सगळं ठीक, हाही गैरसमज. त्याने सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ स्थितीत जातात, तुमचं विंडोज ज्या सेटिंगवर टाकलं होतं त्यावर नव्हे. काळी स्क्रीन गेली आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेली निळी स्क्रीन आली, तर बायोसमधला साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते सेटिंग, बघा. रेड (RAID) होतं तिथे एएचसीआय झालं असेल किंवा उलट. पूर्वीचा मोड ठेवला की बहुतेक वेळा विंडोज उठतं.

विंडोज ११ साठी सिक्युअर बूट (खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय) हवं म्हणून सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग) बंद करणारे २०२१ पासून खूप झाले. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर मशीन ती बूट करायला घेतच नाही, थेट बायोसमध्ये जाऊन बसतं. सीएसएम परत चालू करा, विंडोज येईल. मग बॅकअप घेऊन मायक्रोसॉफ्टच्याच एमबीआर२जीपीटी टूलने डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीत बदला आणि नंतर सीएसएम बंद करा. क्रम उलटा केला की हाच घोळ होतो. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनसुद्धा काळी राहू शकते.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर यातल्या कुठल्याही बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. घरच्या मशीनची की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, फोनवरून लॉगिन करून बघा; ऑफिसच्या लॅपटॉपची आयटीवाल्यांकडे. बिटलॉकरची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपमध्ये असते, म्हणून रिकव्हरी की हाती येईपर्यंत 'टीपीएम क्लिअर करू का' या प्रश्नाला होकार देऊ नका.