डिझेल मोटरहोम घेताय? आधी रेडिएटर बघा

अमेरिकेत जुनं डिझेल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बघायला गेलं की विकणारा आधी सोफे दाखवतो, मग टीव्ही, आणि निघताना इंजिनाची अश्वशक्ती सांगतो. तुम्ही मात्र सोफे-टीव्ही शेवटी बघा. बजेट, लांबी, किती जण झोपणार हे ठरलेलं आहे असं धरतो. मी बोलतोय ते मागे इंजिन असलेल्या, बसएवढ्या 'डिझेल पुशर'बद्दल.

आधी वजन. साधारण २००८ नंतरच्या गाड्यांत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते पिवळ्या स्टिकरवर छापलेलं असतं. पाणीही त्यातच धरायचं. ३८० लीटरची टाकी भरली की ३८० किलो गेले! जुन्या मालकाने नंतर फरशी किंवा वॉशिंग मशीन बसवलं असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. ट्रक स्टॉपच्या काट्यावर प्रत्येक ॲक्सल वेगळा तोलून घ्या.

मग भिंती. बहुतेक भिंतींत फायबरग्लासचा पत्रा पातळ प्लायवूडवर चिकटवलेला असतो. पाणी आत गेलं की प्लाय कुजतं आणि पत्रा सुटतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीला गाल लावून लांबवर बघा. फुगवटा दिसला तर गाडी सोडा, किंमत कितीही उतरवली तरी. छप्पर रबरापेक्षा अखंड फायबरग्लासचं बरं.

इंजिनात लोक फक्त अश्वशक्ती विचारतात आणि फसतात. कमिन्सचं ६.७ लीटरचं ३६० अश्वशक्तीचं आणि ८.९ लीटरचं ३८० अश्वशक्तीचं इंजिन कागदावर जुळी भावंडं वाटतात. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बघा: पहिल्याचा ८०० पाउंड-फूट, दुसऱ्याचा १,१५०. घाटात गाडी टॉर्कवर चढते. शिवाय ८.९च्या सिलिंडरला बदलता येणारे लायनर (आतल्या नळ्या) असतात, ६.७ला नसतात. लांब आणि जड गाडीत ६.७ घेऊ नका. २०१०पासूनच्या इंजिनांना डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, वेगळं भरावं लागतं. तेवढ्यासाठी जुनी गाडी शोधत बसू नका.

आता रेडिएटर. इथे मी स्वतः पोळलोय.

माझ्या पहिल्या गाडीचा रेडिएटर मागे होता. घेताना मागचं झाकण उघडून बघितलं, अगदी स्वच्छ. पुढे डेन्व्हरहून आय-७० हायवेने डोंगरातल्या आयझेनहावर बोगद्याकडे चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला आणि बायकामुलांसह रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलून पैसे घेतले. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

कारण असं की, क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) तेलकट वाफ एका नळीतून इंजिनाखाली सोडलेली असते. पंखा ती ओढतो आणि आतून बाहेर फेकतो. रेडिएटरच्या आधी टर्बोची हवा थंड करणारा कूलर असतो. त्याच्या आतल्या तोंडावर तेल बसतं, त्याला धूळ चिकटते आणि जाड थर तयार होतो. मागून बघणाऱ्याला तो दिसतच नाही! म्हणून इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा, बेडखालचं झाकण उचला आणि फोनचा कॅमेरा पंख्याच्या आडून आत सोडून फोटो काढा. फटी काळ्या, बुजलेल्या दिसल्या तर धुण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. धुताना ॲल्युमिनियमला चालणारं डीग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रव) मुरू द्यायचं आणि बागेच्या साध्या पाइपने धुवायचं. प्रेशर वॉशरने कूलरच्या पातळ पात्या वाकतात, तो अजिबात वापरू देऊ नका. ती नळीही लांबवून पंख्याच्या ओढीबाहेर न्यायला सांगा.

बाजूला रेडिएटर असलेली गाडी मिळत असेल तर तीच घ्या. तिचा पंखा बहुधा हायड्रॉलिक असतो, तो बिघडला तर खर्च मोठा. तरीही घ्या, कारण दार उघडलं की मळ डोळ्यांना दिसतो आणि मागून इंजिनाला हात पोचतो.

टायरवरच्या DOT कोडच्या शेवटच्या चार आकड्यांतून तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष वाचा. सात वर्षांपुढचे टायर बदलायचेच.

शेवटी घाटात चालवून बघा, सपाट हायवेवर नाही. वीस मिनिटं सलग चढ हवा. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायला शेजारी कुणाला तरी बसवा, तुम्ही रस्ता बघा.