मतदार-जागृतीसाठी माध्यमांकडे जाताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की नागपुरातील वृत्तपत्रांच्या कार्यालयांत ‘मतदानाचा हक्क बजावा’ अशा मजकुराची प्रसिद्धिपत्रके रोज येऊन पडतात. त्यांतील बहुतेक उपसंपादकाच्या टेबलावरून पुढे सरकत नाहीत आणि माध्यमे आपली दखल घेत नाहीत म्हणून कार्यकर्ते नाराज होतात. काही वर्षे मतदार-जागृतीचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की दोष बहुधा पत्रकाचाच असतो. मतदान करावे हे वाचकाला ठाऊक असते. आपले नाव यादीत आहे का, नसल्यास कोणता अर्ज भरायचा आणि कधीपर्यंत, हे त्याला ठाऊक नसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूर मतदारसंघात सुमारे ५४ टक्के मतदान झाले. न झालेले प्रत्येक मत उदासीनतेमुळे बुडाले असे नाही. ओळखपत्र हातात असूनही यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परतलेले लोकही त्यात होते.

बातमी आली, पण उशिरा आली

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही आणि अर्जावर हरकती मागवून पडताळणी करण्यातही काही दिवस जातात. त्यामुळे प्रचाराचा धुरळा उडू लागल्यावर नावनोंदणीची बातमी छापून आणण्यात काहीच अर्थ उरत नाही. मोहीम निवडणूक जाहीर होण्याच्या किमान दोन महिने आधी सुरू करावी. त्या काळात बातमीला निमित्त नसते अशी तक्रार मी ऐकतो, पण निमित्त कायद्यानेच दिलेले आहे: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांना अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यांना नाव नोंदवता येते, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. दर तिमाहीला महाविद्यालयांच्या बातम्या पाहणाऱ्या बातमीदाराला हा विषय द्या. तो आनंदाने घेतो.

जुना नमुना, नवी धावपळ

घर बदललेल्यांनी नमुना ८ अ हा अर्ज भरावा, असे आमच्या एका पत्रकात छापले गेले होते. जुन्या पत्रकातला परिच्छेद तसाच उचलला होता. प्रत्यक्षात १ ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर आणि दुरुस्ती या दोन्हींसाठी नमुना ८ लागतो; नवीन नावासाठी नमुना ६ आणि नाव वगळण्यासाठी नमुना ७. दुसऱ्या दिवशी मानेवाड्याकडचे एक वृद्ध गृहस्थ बातमीचे कात्रण चार घड्या करून खिशातून काढत निवडणूक कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे होते आणि आतला कर्मचारी असा नमुना आता नाही म्हणून सांगत होता. ते उन्हातून दोन बस बदलून आले होते. बातमीदाराने आमच्यावर विश्वास ठेवून ती ओळ छापली होती, म्हणून त्याच दुपारी आम्ही त्याला स्वतः फोन करून खुलासा दिला. तेव्हापासून तारीख, नमुना आणि संकेतस्थळ या तीन गोष्टी निवडणूक कार्यालयाकडून त्याच दिवशी तपासल्याशिवाय आमचे पत्रक बाहेर जात नाही.

महापालिकेची निवडणूक वेगळी असते

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्य आयोग विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागतो, नव्याने नावे चढवत नाही. तेव्हा महापालिकेत मत द्यायचे असेल तरी नाव विधानसभेच्या यादीत वेळेत असावे लागते. ही एक ओळ पत्रकात नसली की लोक प्रभाग कार्यालयात अर्ज घेऊन फिरतात. दुसरे म्हणजे, २०१७ मध्ये नागपुरात ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडले गेले, म्हणजे बहुतेक मतदारांना चार मते द्यायची होती. एकच बटण दाबून बाहेर निघालेल्या मतदाराला केंद्राधिकारी उरलेली मते देण्यासाठी परत बोलावतो. हे शब्दांत समजावणे अवघड आहे, म्हणून आकाशवाणी किंवा स्थानिक वाहिनीला प्रात्यक्षिक सुचवावे आणि वृत्तपत्राला साधे रेखाचित्र द्यावे.

फक्त मराठीत लिहिणे

नागपुरात हिंदी दैनिकांचा वाचक मोठा आहे. इतवारीच्या बाजारात, जरीपटक्यात, मोमिनपुऱ्यात मराठी बातमी पुरेशी पोहोचत नाही. मोबाइलवरून शब्दशः भाषांतर करून पाठवू नका, हिंदीत लिहिणाऱ्याकडून पत्रक नव्याने लिहून घ्या.

पत्रकार परिषदेचा मोह आवरावा. धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात सभागृह मिळते, पण नवीन माहिती नसेल तर बातमीदाराची दुपार वाया जाते. हिवाळी अधिवेशन सुरू असताना तर राजकीय बातमीदार विधानभवन परिसर सोडू शकत नाहीत. एका पानाचे पत्रक दुपारी चारच्या आत पोहोचले तर ते अधिक उपयोगी ठरते. कार्यक्रमाला इच्छुक उमेदवार पाहुणा म्हणून बोलावला तर डेस्कवर तो मजकूर प्रचार म्हणून बाजूला पडतो, आणि ते योग्यच आहे.

शेवटच्या दोन दिवसांत वृत्तपत्रात जाहिरात द्यायची असल्यास मतदानाच्या दिवसाची आणि आदल्या दिवसाची जाहिरात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडून, म्हणजे निवडणुकीच्या काळात जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून, आधी मंजूर करून घ्यावी. ऐन वेळी गेल्यास ती राहून जाते. त्या दिवसांच्या बातमीत घोषणा नको. मतदानाची वेळ द्या. छापील मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, मतदार ओळखपत्र नसल्यास आयोगाने मान्य केलेल्या १२ पर्यायी कागदपत्रांपैकी एक चालते, हे लिहा आणि ती यादी पूर्ण छापायला सांगा. पत्रकावरच्या फोन क्रमांकावर मतदान सुरू होण्यापासून संपेपर्यंत मतदार यादी समोर घेऊन बसलेला माणूस हवा.